गावाची सामूहिक वास्तू : सेवाग्राम ते गांडो
(रोहणा, जिल्हा वर्धा येथील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



गावात समाजमंदिर किंवा शाळेची खोली बांधावयाची म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो निधीचा आणि दुसरा कंत्राटाचा. वास्तविक पहिला प्रश्न असावयास हवा तो असा, की या वास्तूत कोण बसणार, केव्हा बसणार, आणि वैशाखातील दुपारी तेथे बसवेल काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच वर्धा जिल्ह्यात उभे आहे. 1936 साली महात्मा गांधी सेगावी राहावयास आले, तेव्हा निवासाचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि सामान व कारागीर आसपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि गावठी कौले यांतून आदिनिवास उभा राहिला. मीराबेनसाठी बांधलेली झोपडी पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झाली. 1940 साली सेगावचे सेवाग्राम झाले. जाड मातीच्या भिंती, पुढे आलेले छप्पर आणि सावलीची पडवी ही विदर्भातील उन्हाला गावाने पूर्वीच शोधलेली उत्तरे होती. गांधीजींनी त्यांना प्रतिष्ठा दिली. 1978 साली विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथील भाषणात याच कुटीचे मर्म उलगडून दाखविले.

हा विचार तेथेच थांबला नाही. 1976 साली देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने वर्धा येथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना झाली. कुंभाराच्या चाकावर घडविलेली शंकूच्या आकाराची पोकळ कौले एकमेकांत बसवून त्यांच्या कमानींचे छप्पर रचण्याची पद्धत या केंद्राने पुढे आणली. अशा छपराला लाकडी वासे वा लोखंडी सळया लागत नाहीत, आणि बांधकामावरील खर्चाचा वाटा गावातील कुंभाराच्या घरी जातो.

आता दूरचे उदाहरण पाहू. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांडो नावाचे खेडे आहे. तेथील सुपुत्र फ्रान्सिस केरे यांनी वास्तुशास्त्र शिकत असताना गावासाठी शाळा बांधावयास घेतली. माती पावसात टिकणार नाही, अशी गावकऱ्यांची शंका होती. ती रास्तही होती. केरे यांनी थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा वापरल्या, विटांच्या छताच्या वर अंतर ठेवून पत्र्याचे मोठे छप्पर उचलून धरले, आणि तापलेली हवा मधल्या पोकळीतून बाहेर जाऊ दिली. गावाने स्वतः श्रम केले. 2001 साली शाळा पूर्ण झाली; 2004 साली तिला आगाखान पुरस्कार आणि 2022 साली केरे यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

याच खंडात दुसरा धडाही आहे. इजिप्तमध्ये हसन फथी या थोर वास्तुतज्ज्ञाने 1940 च्या दशकात नव्या गुर्ना गावाची सुंदर मातीची घरे उभारली. परंतु जुने गाव सोडणे लोकांनाच मान्य नव्हते आणि योजना अपुरी राहिली. रचना निर्दोष असली तरी संमतीवाचून वास्तू ओस पडते.

मात्र केवळ माती म्हणजे सुरक्षितता नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया घेताना अभियंत्याचा सल्ला टाळणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीस आमंत्रण देणे होय. जुने ज्ञान आणि नवे शास्त्र यांची सांगड घालणे, हेच खरे काम आहे.

म्हणून नकाशा मंजूर करण्यापूर्वी ग्रामसभेत तो समजावून सांगावा. निवडलेल्या जागेवर फक्कीने खोल्यांच्या रेषा आखाव्यात आणि स्त्रिया, वृद्ध, शाळकरी मुले यांना त्यांतून फिरू द्यावे. दार कोठे हवे, ओटा किती उंच हवा, पाणी आणि स्वच्छतागृह कोठे हवे, हे कागदापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते. जागा अशी असावी की गावातील प्रत्येक वस्तीतील माणूस संकोच न बाळगता तेथे येऊ शकेल. एका वस्तीच्या अंगणात बांधलेले समाजमंदिर दुसऱ्या वस्तीला परके वाटते, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

शेवटी किल्लीचा प्रश्न उरतो. दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळण्याची आणि भिंती लिंपण्याची रीत होती. तीच रीत सामूहिक वास्तूला लावून देखभालीची तरतूद पहिल्याच ठरावात करावी. किल्ली कोणाजवळ राहील आणि ती मागण्याचा अधिकार कोणाला, हेही त्याच ठरावात लिहावे. ज्या वास्तूची किल्ली गावातील सर्वांत दुबळ्या माणसालाही मागता येते, तीच खऱ्या अर्थाने गावाची वास्तू होय.