शेवटच्या मजुराचा दिनार
(सुवर्णमहोत्सवाच्या मिस्साप्रसंगीं केलेलें प्रवचन)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून आज आपण ईश्वराचे उपकार मानण्यास जमलों आहों. पन्नासाव्या वर्षाचा हा उत्सव मनुष्यानें काढिलेला नव्हे. तो देवानेंच इस्राएल लोकांना लावून दिला. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत त्याचा नियम आहे. त्या वर्षीं मेंढ्याचें शिंग फुंकलें जाई. गरिबीमुळें ज्यानें वडिलोपार्जित जमीन विकली असेल त्याला ती परत मिळे, आणि जो इस्राएली कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबत असेल तो मुलांबाळांसह मोकळा होई. कारण जमिनीचा खरा धनी परमेश्वर. मनुष्य तिच्यावर केवळ पाहुणा. जुबिली ही अशी मूळची गरिबाच्या सुटकेची आहे.

त्याच देवाचें अंतःकरण प्रभु येशूनें द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत उघड केलें. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायांत तो आपण ऐकिला आहे. मळ्याचा धनी पहांटे गेला व एका दिनारावर मजूर ठरवून त्यानें मळ्यांत धाडिले. तो पुनः नऊ वाजतां, बारा वाजतां व तीन वाजतां बाजारांत गेला. दिवसाचा एक तास उरला असतांही गेला. तेव्हांही कांहीं माणसें तेथें उभीं होतीं. त्यांना कोणीं कामावर घेतलेंच नव्हतें. सायंकाळीं प्रथम त्यांना मजुरी मिळाली, आणि ती पुरा दिनार! पहांटेपासून ऊन सोसलेले मजूर कुरकुरले. वास्तविक त्यांना ठरलेलें सर्व मिळालें होतें. शेजाऱ्यालाही तितकेंच मिळालें, एवढेंच त्यांचें दुःख.

दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. तासाच्या हिशेबानें शेवटच्या मजुराच्या पदरीं त्याचा बारावा हिस्सा पडता, आणि तेवढ्यांत घरच्या मुलांची भाकर झाली नसती. धन्यानें त्याच्या तासांचा हिशेब न करितां त्याच्या घरच्या चुलीचा विचार केला.

आपला देव असा उदार आहे. आपल्या पुण्याईच्या मापानें तो देऊं लागला, तर आपणांपैकीं कोणाच्या पदरीं काय पडेल? क्रुसावरील चोराजवळ दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें. त्यानें केवळ आठवण ठेवण्याची विनंती केली, आणि त्याच दिवशीं त्याला स्वर्गसुखाचें वचन मिळालें.

ह्या मंदिराच्या पायाचे दगड ज्यांनीं वाहिले, त्यांचीं कुटुंबें आज येथें आहेत; त्यांचे उपकार थोर आहेत. पोटापाण्यासाठीं मागाहून येऊन भाड्याच्या खोलींत राहणारीं कुटुंबेंही येथें आहेत. “आम्ही आरंभापासूनचे, हे कालचे,” असा शब्द आपल्या ओठांवर येऊं नये. देणगीदारांच्या शिळेवर ज्याचें नांव पहिलें आहे त्याला, आणि जिचें नांव कोणत्याच शिळेवर नाहीं त्या विधवेला, वेदीपाशीं एकच ख्रिस्तशरीर मिळतें.

तेव्हां ही जुबिली रोषणाईवर संपूं देऊं नका. ज्याच्याकडे मजुराचें देणें राहिलें आहे त्यानें तें आजच द्यावें. शेताच्या बांधावरून ज्या भावाभावांचें बोलणें तुटलें आहे त्यांनीं एकमेकांच्या घरीं जावें. ज्या गरिबाला कर्ज फेडणें अशक्य आहे त्याला, साधेल तर, मोकळें करावें. आपणांस फुकट मिळालेल्या दिनाराची हीच खरी पोंच होय.

दयाळु ईश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.