वरचे दूध आणि विहिरीचे पाणी



दुधात पाणी घालतो म्हणून गवळ्याला नावे ठेवण्याची आपली जुनी खोड आहे. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते घरच्याच हातून तान्ह्याच्या दुधात पडणाऱ्या पाण्याविषयी. वर्धा हे गवळाऊ गाईचे माहेर. १९४१ साली जमनालालजी बजाजांनी येथे गोसेवा संघ काढला, तेव्हा दुधाची काळजी या गावाला नवी नाही. पाण्याची मात्र वाहायला हवी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने भूजल बिघडलेल्या पंधरा प्रमुख जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे.

हे नायट्रेट येते कपाशीच्या युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून. पावसाबरोबर ते मुरते आणि विहिरीत उतरते. त्याला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ती फार ओलांडली तर तान्हे मूल निळे पडते, हे डॉक्टरांना ठाऊकच आहे. दुसरी गोष्ट मात्र कमी बोलली जाते.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला रक्तातून आयोडीन आत घ्यावे लागते. ज्या दाराने ते आत जाते, त्याच दारात नायट्रेट गर्दी करते. दारूगोळ्यातले पर्क्लोरेट हेच काम कितीतरी अधिक जोराने करते. नायट्रेटचा जोर त्या मानाने थोडा. आयोडीन पुरेसे मिळत असेल तर बहुधा निभावते. परंतु मोठ्या माणसाच्या ग्रंथीत रसाचा महिनोन् महिने पुरणारा साठा असतो. नवजात बाळाजवळ एका दिवसाचाही नसतो. आणि मेंदूची वाढ याच रसावर चालते!

आता घरची रीत पाहा. बाळ दोन महिन्यांचे होते न होते तोच आई निंदणाला जाते. आजी गाईच्या दुधात निम्मे विहिरीचे पाणी घालते आणि चांगले उकळते. तिचा काय दोष? जंतू मरतात हे तिला आपणच शिकविले. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसतसे ते दाटते. उलट, आई तेच पाणी प्याली तरी तिच्या दुधात ते फारच थोडे उतरते. पहिले सहा महिने अंगावरचेच दूध द्यावे, या सल्ल्याला आमच्या जिल्ह्यात हे आणखी एक कारण. त्या आईच्या ताटात मीठ आयोडीनयुक्त असावे, खडे मीठ नव्हे.

ज्या घरी वरच्या दुधावाचून गत्यंतर नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे, आणि आपल्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा तपासून घ्यावे. नमुना देताना नायट्रेट पाहावे असे मुद्दाम सांगावे. नुसते जंतू पाहून भागत नाही.