मद्यार्क, यंत्र आणि अर्धसत्य



ज्या विद्यालयाच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच विद्यालयाने आज मला सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. माझा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. साहित्य, समाजकारण, इतिहास अशा विषयांची परंपरा असलेल्या या व्यासपीठावर मोटारगाडीच्या इंधनाची चर्चा कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. परंतु या विषयात माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे, आणि ती कबूल करण्यास सरांच्या स्मृतीइतके योग्य स्थान मला दुसरे दिसत नाही.

सर आम्हांला विज्ञान शिकवीत. एका एप्रिल महिन्यात, मुख्याध्यापकांची अनुमती काढून, त्यांनी वर्गात दोन बश्या मांडल्या. एकीत हुर्राक, दुसरीत फेणी. काजूच्या हंगामात पेडणे-डिचोलीच्या डोंगरउतारांवर भट्ट्या लागतात, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. वर्गातल्या काहींच्या घरचाच तो व्यवसाय होता. सरांनी काडी ओढली. हुर्राक पेटली नाही. फेणीवर मात्र निळसर ज्योत थरथरत उभी राहिली. "दोन्हींत मद्यार्क आहे," सर म्हणाले, "मग एक पेटते आणि एक का पेटत नाही? नाव विचारू नका, प्रमाण विचारा." हुर्राकीत मद्यार्क शेकडा पंधराच्या आसपास, फेणीत चाळिसाच्या वर, उरलेले बहुतेक पाणी. "प्रमाण विचारा" हे त्यांचे वाक्य मी पुढे तंत्रनिकेतनात शिकवताना शेकडो वेळा उच्चारले, आणि नेमके हवे तेव्हा विसरलो.

मद्यार्काचे इंधन ही काही काल-परवाची कल्पना नव्हे. आपल्या देशात १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलविषयीचा कायदा झाला होता. २००१ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतील दोन आपल्या शेजारी महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. जानेवारी २००३ मध्ये ज्या नऊ राज्यांत हे मिश्रण लागू करण्याचे ठरले, त्यांत गोवाही होता. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत वीस टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. पुढे ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली, आणि २०२५ साली ते देशभर पोचले. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून थांबले, तेव्हा त्या जागी इथेनॉल प्रकल्प उभारण्याचा विचार पुढे आला, हेही आपण सर्वांनी वाचले आहे. तात्पर्य, हा विषय आपल्या अंगणातला आहे.

आता माझ्या चुकीकडे वळतो. माझा एक भाचा डिचोलीस राहतो. त्याने टर्बोचार्जर असलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली. टर्बोचार्जर म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या वेगावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून यंत्रात भरतो, त्यामुळे लहानशा यंत्रातून मोठ्या यंत्राची शक्ती मिळते. तरुण वयाला तेवढ्याने समाधान कुठले? त्याने एका गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातील तक्ता बदलून घेतला, हवेचा दाब वाढवला, ठिणगीची वेळ पुढे ओढली. हे सारे दहा टक्के मिश्रणाच्या काळात झाले. पुढे पंपावर वीस टक्के आले, तेव्हा त्याने मला विचारले, "मामा, या इंधनावर गाडी चालवू ना? काही बिघडणार तर नाही?"

मी प्राध्यापकी थाटात उत्तर दिले, "उलट चांगलेच! मद्यार्काची ऑक्टेन संख्या मोठी. जोरकस यंत्रांना तर तो वरदान आहे."

बंधुभगिनींनो, यातला एकही शब्द खोटा नव्हता. शुद्ध इथेनॉलची ऑक्टेन संख्या शंभराच्या वर असते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्राला हाच गुण सर्वाधिक हवा असतो. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता शोषते, म्हणून यंत्रात शिरणारी हवा थंड होते. अमेरिकेतील इंडी शर्यतींच्या गाड्या २००७ पासून अनेक वर्षे जवळजवळ निव्वळ इथेनॉलवर धावल्या, त्या उगाच नव्हे.

परंतु मी प्रमाण विचारले नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त नऊ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल अधिक ओतावे लागते. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना हा वाढावा सुमारे चार टक्क्यांचा होतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत एवढी शिल्लक सहसा राखलेली असते. धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक कमतरता ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. पण भाच्याच्या गाडीत ती शिल्लक आधीच वाढीव दाबाने खाऊन टाकली होती. इंधनाचा पंप आपल्या सामर्थ्याच्या टोकाला पोचलेला. चार टक्के अधिक मागितले, तर द्यायला त्याच्यापाशी काही उरलेच नव्हते.

साखळीहून चोर्ल्याचा घाट चढताना, पाय दाबून धरलेला असताना, गाडीने घरघर केली आणि निळा धूर ओकला. यंत्र उघडले तेव्हा एका पिस्टनची कड फुटलेली होती. जीवितहानी झाली नाही, ही बोडगेश्वराची कृपा. पण दुरुस्तीला त्याची वर्षभराची बचत गेली. तो मला रागावून काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणाला होता ना, चांगलेच म्हणून?" ते वाक्य मला आजही टोचते.

आरंभी सर्वांनी पंपाला दोष दिला. इंधनात भेसळ असणार, असे गॅरेजवाल्यानेही सांगितले. मग मला सर आठवले. मी शंभर मिलिलीटरचे मापनपात्र घेतले, उघड्यावर, आगीपासून दूर बसून त्यात दहा मिलिलीटर पाणी आणि नव्वद मिलिलीटर ते पेट्रोल घातले, बूच लावून हलवले आणि स्थिर होऊ दिले. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ अधिक. ते खाली उतरते. खालचा थर दहावरून अठ्ठाविसापर्यंत चढला. म्हणजे नव्वदात अठरा, बरोबर वीस टक्के. इंधन जे सांगितले तेच होते. मग गाडीच्या संगणकातील नोंदी पाहिल्या. घाटात इंधनाचा दाब कोसळल्याचे तेथे स्पष्ट दिसत होते. दोष इंधनाचा नव्हता. दोष होता शिल्लक न ठेवणाऱ्या तक्त्याचा, आणि अर्धे उत्तर देणाऱ्या मामाचा.

तरुण मित्रांना म्हणून माझे सांगणे असे. गाडीत बदल करायचाच असेल, तर आधी पंप आणि इंजेक्टर यांचे सामर्थ्य मोजा, मग दाब वाढवा. इंधनातील इथेनॉलचे प्रमाण ओळखणारा संवेदक मिळतो, तो बसवून घ्या. कारण वीस टक्क्यांसाठी पुढे ओढलेली ठिणगी कमी ऑक्टेनच्या इंधनावर घातक ठरते. आणि घरी मद्यार्क आणून टाकीत ओतण्याचा मोह तर मुळीच नको. भट्टीच्या साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्धता मिळतच नाही; इंधनाच्या इथेनॉलला ती किमान ९९.५ टक्के लागते, आणि त्यासाठी पाणी काढून घेणाऱ्या खास चाळण्या वापराव्या लागतात. पाण्याचा अंश वाढला की मापनपात्रात घडले तेच टाकीत घडते. पाणी आणि मद्यार्क तळाशी जातात, आणि यंत्राला प्रथम तेच मिळते. आमच्या पावसाळ्यात झाकण सैल ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरावे.

हे झाले हौशी लोकांचे. माझ्या भाच्याने जोखीम स्वतःच्या मर्जीने घेतली होती. परंतु म्हापशाच्या बसस्थानकाबाहेर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उभा असलेला आपला पायलट? त्याला कोणी विचारले? इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश उष्मा कमी असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी, तर तशा चारचाकींचे सहा ते सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. ही घट भरून निघावी म्हणून मिश्रित इंधनाची किंमत साध्या पेट्रोलहून कमी असावी, असेही त्याच अहवालात सुचवले होते. ऊसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही तेथेच आहे. दुसऱ्या बाजूला परकीय चलनाची बचत आहे, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला मिळणारा दाम आहे. मी कोणत्याही बाजूचा वकील म्हणून येथे उभा नाही. इंधन चांगले की वाईट, असे विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर देण्याचा अधिकार मी त्या घाटात गमावला आहे. किती, कोणत्या यंत्रात, कोणाच्या खर्चाने, एवढे विचारल्यावाचून उत्तर देऊ नये, इतकेच मी शिकलो.

दुरुस्तीनंतर भाच्याने गाडीचा तक्ता मूळचा करून घेतला. गेल्या काजूच्या हंगामात आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. मी दोन बश्या मागवल्या आणि त्याच्या लहान मुलीसमोर काडी ओढली. एक पेटली, एक पेटली नाही. "का?" तिने विचारले. मी उत्तर देणार तोच भाचा म्हणाला, "मामा, थांबा. तिलाच विचारू द्या, कशात किती आहे ते."

सरांचा तास संपलेला नाही, असे मला त्या क्षणी वाटले.