यंत्राची रोजनिशी आणि मिरचीची पथारी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या जिल्ह्यातील टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तेव्हापासून आपले रेशन, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते या सर्वांचा संबंध संगणकाशी जडला आहे. म्हणून संगणक विश्वासू आहे की नाही, हा प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे.

संगणकाचे बटण दाबले की प्रथम फर्मवेअर नावाची मूळ आज्ञावली जागी होते. ती पुढचा प्रत्येक कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी त्याचा अंगठ्यासारखा ठसा घेते. हे ठसे एकात एक मिसळून टी.पी.एम. नावाच्या चिपमध्ये साठतात आणि कोणता ठसा कशाचा, हे एका रोजनिशीत लिहिले जाते. चिपमध्ये बेरीज असते, रोजनिशीत रकमा. रोजनिशी हरवली तर नुसत्या बेरजेवरून कोण आत शिरले हे सांगता येत नाही.

ही रोजनिशी वाचून आपल्या जागेत उतरवून घेण्याचे काम कर्नलचे, म्हणजे संगणकाच्या कारभाऱ्याचे. लिनक्स हा असाच एक कर्नल. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो 1991 मध्ये प्रसिद्ध केला. अलीकडे काही नव्या यंत्रांवर फर्मवेअरने कळवले, "रोजनिशीसाठी 16 मेगाबाइट जागा राखली आहे." कर्नलने तेवढी सलग जागा मागितली आणि ती मिळाली नाही. इशारा छापला गेला, रोजनिशी वाचायची राहिली.

यंत्रात जागा नव्हती का? भरपूर होती. मुलांनो, गणित करा. स्मृतीचे एक पान साधारणतः 4 किलोबाइटचे. कर्नल पाने सलग देतो ती 1, 2, 4, 8 अशा दुपटीने, आणि नेहमीच्या यंत्रांवर 1024 पानांपर्यंतच. म्हणजे 4 मेगाबाइट. येथे मागणी 4096 पानांची, चौपट!

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. व्यापारी म्हणाला, "माझा सारा माल एकाच सलग पथारीवर वाळवा," तर मोकळी जमीन असूनही अडचण होईल. शहाणा मुनीम काय करील? चार ठिकाणी माल पसरील आणि कोणता ढीग कोठे, हे वहीत क्रमाने लिहील. वही वाचणाऱ्याला माल सलगच दिसेल.

कर्नलमध्येही अशी वही आहे. यार्को साक्किनेन यांनी केलेली दुरुस्ती 2025 साली लिनक्समध्ये आली, ती याच रीतीची. आधी सलग जागा पाहावी. न मिळाल्यास विखुरलेली पाने घेऊन वहीत क्रमाने जोडावीत. काम संपल्यावर जागा परत करण्याची तजवीजही सोबत केली. मात्र ही युक्ती सर्वत्र चालत नाही. जी उपकरणे वही न पाहता थेट स्मृतीत लिहितात, त्यांना सलग जागाच लागते.

यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, कोणी मोठा आकडा सांगितला म्हणून घाबरू नये आणि डोळे मिटून मानूही नये. राखलेली जागा आणि प्रत्यक्ष मजकूर यांत अंतर असू शकते. दुसरी, नोंद मोठी झाली म्हणून ती टाकून देऊ नये; ती ठेवण्याची रीत बदलावी.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी पडद्यावरील इशारा वाचत बसली, तर "यंत्र बिघडवलेस" म्हणून रागावू नका. लिनक्सची सारी आज्ञावली कोणालाही विनामूल्य वाचता येते. तिला गाव विचारायचे नाही, आडनाव विचारायचे नाही. लागते ती दुपटीची पाढ्यांची समज आणि चिकाटी. ती आपल्या मुलांत आणि मुलींत खचितच आहे.