निसर्गाचा तास



आपल्या प्राथमिक शाळांत निसर्ग बहुधा वर्षातून एकदाच येतो, सहलीच्या दिवशी. सहल जरूर न्यावी, पण तेवढ्यावर निसर्गशिक्षण झाले असे मानू नये. त्याला वेळापत्रकात दर आठवड्याचा तास हवा, आणि तोही एकाच ठरलेल्या जागी.

वर्ग बाहेर नेणे आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. भोवती वारल्यांचे पाडे. मुले गुरे राखायला जात, मग शाळेत येणार कधी? तेव्हा शाळाच गुरांमागे गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. खडे, पाने, बिया हेच तिथले साहित्य. गरजेतून निघालेली ही वाट मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

एकच जागा का म्हणतो, ते सांगतो. पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन पाहते. पसंत पडले तरच ते पुरे होते. पुस्तकात हे चार ओळींत संपते. पण दर आठवड्याला तीच बाभूळ पाहणारी मुले घरटी मोजतात, मागच्या आकड्याशी ताडतात, आणि एखादे घरटे अर्धवटच का राहिले म्हणून वाद घालतात. गणित, भाषा, विज्ञान, सगळे त्या वादात येते. उत्तर शोधायची ओढ मुलांची स्वतःची असते, हे मला फार मोलाचे वाटते.

विहीर नसेल, तर अंगणात काठी रोवा. दुपारी ठरलेल्या वेळी तिची सावली सुतळीने मोजा. डिसेंबरात लांब असलेली सावली मार्चपर्यंत किती आखडते, ते मुलांना स्वतः दिसेल. शहरातल्या शाळेला फाटकाजवळचा एखादा पिंपळही पुरतो.

साप, मधमाश्या, ऊन यांची काळजी घ्यायलाच हवी. जागा आधी शिक्षकांनी पाहून यावी, सोबतीला एखादे पालक घ्यावेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे, या आठवड्यातला एक तास बाहेर घ्या. आणि पालकहो, मूल चिखलाचे पाय घेऊन घरी आले, तर रागावण्याआधी एवढे विचारा: आज काय पाहिलेस?