पांढरं जातं, म्हणजे नेमकं काय?

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'अंगावरून पांढरं जाणं आणि योनीतला बुरशीचा संसर्ग' असा सरळ सांगितला. पत्रिकेवर तो जसाच्या तसा छापला गेला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पुरुष मंडळीही आली आहेत, याचा विशेष आनंद आहे. हा आजार त्यांच्याही घरातला आहे.

मंठा तालुक्यातली एक बाई ऊसतोडीहून परतल्यावर माझ्याकडे आली होती. वय पस्तीसच्या आसपास, सोबत सासू. खुर्चीवर बसताच म्हणाली, "मॅडम, लई दिवस झाले, अंगावरून पांढरं जायलंय. हाडं झिजायलेत." मग तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब, अर्धवट संपलेल्या दोन स्ट्रिपा, तुरटीचा खडा आणि जखमा धुवायच्या औषधाची बाटली. मी विचारलं, खाज येते का? तिने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाईंना मी केसपेपर काढायला पाठवलं. दार लागल्यावर बाई हळूच म्हणाली, "रात्र-रात्र झोप येईना. खाजवून खाजवून सालपटं निघालेत."

म्हणजे मुख्य दुखणं खाज होतं आणि तेवढंच ती सांगत नव्हती. पांढरं जातं, हे चारचौघींत सांगता येतं. खाज म्हटलं की लोक बाईच्या वागण्यावर संशय घेतील, ही भीती. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात हे शेकडो वेळा झालं आहे. निदानाची किल्ली ज्या शब्दात आहे, तोच शब्द आपल्या बायका गिळून टाकतात.

तिची तपासणी केली. आतला स्राव दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट होता, वास नव्हता, त्वचा लालभडक. काचपट्टीवर तो स्राव घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भिजवलेल्या मटकीला मोड यावेत तसे दाणे आणि त्यांतून निघालेले लांब तंतू स्पष्ट दिसले. ही कॅन्डिडा नावाची बुरशी, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या कुळातली. मी तिला तिथे बोलावून भिंगातून बघायला लावलं. "हाडं नाहीत ना हे?" तिने विचारलं. हाडं नाहीत. हाडं वितळून कुठल्याही बाईच्या अंगावरून जात नाहीत.

जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ साली इथे 'महिको' ही बियाणे कंपनी उभी राहिली. त्यामुळे इथल्या माणसाला हे लवकर कळेल. कॅन्डिडाचं बी शरीरात बहुधा आधीपासूनच असतं. काही त्रास नसलेल्या, धडधाकट बायकांपैकी दहा ते वीस टक्के जणींच्या योनीत ती सापडते. बी आहे म्हणून पीक येत नाही, जमिनीला वाफसा यावा लागतो. एरवी तिथे दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांचं राज्य असतं. ते आम्ल तयार करतात आणि बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत. प्रतिजैविकांचा कोर्स झाला की हे रखवालदार मरतात. गरोदरपणात संप्रेरकं बदलतात. रक्तातली साखर वाढली की बुरशीला खुराक मिळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर प्रतिकार मंदावतो. अशा वेळी ती फोफावते. चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतोच. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. अविवाहित मुलीलाही तो होतो. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला सहसा औषधाचीही गरज नसते.

त्या बाईची साखर तपासली, ती २८० निघाली. तिला मधुमेह आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून वारंवार खाज येत असेल तर मलम बदलत बसण्याआधी साखर तपासा. आणखी एक. मधुमेहावर डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. औषध चांगलं आहे, पण त्यामुळे तिथे बुरशी होऊ शकते, बायकांना आणि पुरुषांनाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खाज सुटली तर डॉक्टरांना सांगा, एवढंच.

आता पांढऱ्याबद्दल. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तारेचा स्राव येतो, तो आजार नव्हे. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास येणारा स्राव जंतूंचा असतो. तिथे बुरशीचं औषध काही कामाचं नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो, आणि त्यात नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यायचं असतं. या सगळ्यांना आपण एकच नाव देतो आणि मेडिकलवाला एकच ट्यूब देतो. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते. तुरटीचं पाणी, जंतुनाशकाने आतून धुणं, दही भरणं, हे सगळं बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार आहे की नाही हे न बघता केली. १९८९च्या जानेवारीत ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि जगभरच्या आरोग्य खात्यांना हादरा बसला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आकडा गडचिरोलीचा आहे, पण ती गप्प मान मी मंठ्यात पाहिली आणि भोकरदनमध्येही पाहिली.

गप्प राहण्याची किंमत किती मोठी असते, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या अनेकींची मूळ तक्रार अंगावरून जाण्याची किंवा ओटीपोट दुखण्याची होती, आणि कॅन्सर होईल अशी भीती त्यांना घातली गेली होती. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागांतूनही टोळ्या जातात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ना संडास, ना पुरेसं पाणी, आणि एक दिवस बुडाला की खाडा. ऊसतोडीच्या बाईने लवकर तपासून घ्यावं अशी अपेक्षा करताना हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट ठणकावून सांगते. कॅन्डिडा योनीत असते, गर्भपिशवीत नसते. पिशवी काढून बुरशी जात नाही. फक्त पांढरं जातं म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कागदावर अंगठा देऊ नका.

उपचार फार साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची गोळी योनीत ठेवायची, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने घ्यायची. गरोदर बाईने तोंडाची गोळी घ्यायची नाही, तिने योनीत ठेवायचं औषध सात दिवस वापरायचं. त्या मंठ्याच्या बाईला साखरेमुळे जास्त दिवस औषध लागलं, पण ती बरी झाली.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर जा, कारण बुरशीच आहे हे एकदा खात्रीने कळायला हवं. गरोदर असाल, मधुमेह असेल, वर्षात तीन-चारदा त्रास झाला असेल, औषध घेऊनही आठवड्यात उतार पडला नसेल, तर जा. घाण वास, फोड, ताप किंवा ओटीपोटात कळ असेल तर आठवडा-बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. आणि स्रावात रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग पडले, तर त्याच आठवड्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. तिथला कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो.

जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो. तिथे तपासणीला आणि औषधाला पैसे पडत नाहीत. योनीस्रावाच्या औषधाचं पाकीट हिरव्या रंगाचं असतं. त्यात बुरशीची गोळी असते, आणि जंतू व परजीवी यांच्यावरचं औषधही असतं. जाताना सासूला, नणंदेला दाराबाहेर बसवा. आशाताई सोबत असली तर उत्तमच. आणि आत गेल्यावर, मायबाई, पहिल्याच वाक्यात सांगा, "मला खाज येते."