पाणकावळा पंख का वाळवतो?



तळ्याकाठी, वठलेल्या झाडावर,
पंख पसरून बसलेला काळा पाणकावळा तुम्ही पाहिला असेल.
तो पंख वाळवत असतो.

बदकाच्या पिसांवर पाणी ठरत नाही.
पिसांत हवा राहते,
म्हणून बदक सहज तरंगतं.

पाणकावळ्याच्या पिसांच्या कडा मात्र भिजतात.
त्यांतली हवा निघून जाते.
तरंगण्याचा जोर कमी होतो,
आणि माशामागे बुडी मारणं सोपं जातं.

पण मग अंग गार पडत नाही का?
पिसांचा आतला, अंगालगतचा भाग कोरडाच राहतो.
तोच ऊब धरून ठेवतो.
उत्क्रांतीतली ही तडजोड मला फार विलक्षण वाटते.

पुन्हा सांगते,
पिसं भिजतात, म्हणूनच बुडी सहज लागते.
आणि म्हणूनच ती वाळवावी लागतात.

असा पक्षी दिसला,
तर लांबूनच पाहा.
त्याला उठवू नका.